वकिलाचं चरित्र आणि शुक्रवारचं पत्र

बाबा, तुम्ही अर्धवट सोडलेलं ते वकिलाचं चरित्र माझ्याकडेच आहे. लेस्टरच्या घरात दर रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसारा मांडून तुम्ही ते लिहायचात, आणि पोळ्या लाटायला जागा नाही म्हणून आई धुसफुसायची. दोनशे वर्षांपूर्वीचा अमेरिकन वकील. शेतकऱ्याचा मुलगा, दुसऱ्याच्या कचेरीत कागदांच्या नकला करत कायदा शिकला, विधिमंडळात निवडून गेला. आणि सगळं गाव ज्याला फासावर द्यायला निघालं होतं, त्याचंच वकीलपत्र घेऊन बसला. गावाने त्याच्या खिडक्या फोडल्या, पुढच्या निवडणुकीत त्याला पाडलं. हे वाचून दाखवताना तुम्ही इतके खूश असायचात की मला भीती वाटायची. हॉस्पिटलात नोकरी करणाऱ्याने असल्या माणसाच्या नादी लागू नये, एवढं मला सोळाव्या वर्षीही कळत होतं.

त्या हिवाळ्यात तुमच्या बड्या सर्जनचे हात थरथरायला लागले. दोन पेशंट ऑपरेशन टेबलावरच गेले. चौकशी बसली, आणि ज्यांनी पाहिलं होतं ते सगळे गप्प झाले. ओळखीचे डॉक्टर आपल्याकडे येईनासे झाले. फोन वाजायचा, उचलला की पलीकडे कोणी बोलायचं नाही. तुम्ही मात्र जे पाहिलं त्याची टाइपरायटरवर चार पानी जबानी लिहिलीत. ती शुक्रवारपर्यंत नॉटिंगहॅमला चौकशी समितीकडे पोचायला हवी होती. गुरुवारी पहाटे ड्यूटीला निघताना पाकीट माझ्या हातात देऊन म्हणालात, "स्कूलला जाताना फर्स्ट क्लास पोस्टाने टाक, उद्या पोचेल. विसरू नकोस हं."

तुम्ही गेल्यावर आईने ते काढून घेऊन देवापुढे ठेवलं. "आज अमावास्या आहे. उद्या टाक."

"आई, डेडलाइन उद्याच आहे!"

"असू दे. त्यांची नोकरी जाईल, कळतंय का तुला?"

मी शुक्रवारी टाकलं. सोमवारी ते उघडलं गेलं तेव्हा समितीचं काम आटोपलं होतं. जबानी कुणाकुणाच्या हातांतून फिरली देव जाणे, पण सर्जनपर्यंत पोचली. तो ऑपरेशनं करतच राहिला, आणि ईस्टरच्या आधी आणखी एक बाई गेली. उन्हाळ्यात तुमचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, ते पुन्हा मिळालं नाही. तुम्ही शेवटपर्यंत पोस्टाला शिव्या घातल्यात. तुमचा वकील कोर्टात उभा राहतो तिथेच चरित्र थांबलं आहे. पुढे तुम्ही एक ओळ लिहिली नाहीत, आणि मला त्याचा इतका राग येतो की मी ती पानं दोनदा फेकायला काढली होती.

सगळं आईवर ढकलणं सोपं होतं. वर्षानुवर्षं मी तेच केलं, आणि हे पत्रही त्यासाठीच लिहायला घेतलं होतं. आता ते ढकलणं सोडून देणार आहे. भिंतीवरचं कॅलेंडर पुण्याहून आलेलं, त्यातल्या तिथींच्या वेळा तिकडच्या. इंग्लंडसाठी साडेपाच तास वजा करायचे, हे तुम्हीच मला शिकवलं होतंत. त्या गुरुवारी कॅलेंडरप्रमाणे अमावास्या दुपारी बारा वीसला संपत होती. मी घराबाहेर पडले तेव्हा इथे सकाळचे आठ वाजले होते, म्हणजे ती केव्हाच संपली होती. मी वजाबाकी केली होती, बाबा. आईला सांगितलं नाही. तुमची जबानी जाऊ नये, असं मलाही वाटत होतं.