मधली चित्रं

ता. १४, मंगळवार, दुपार

चिरंजीव पोपट यास आजीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. माझा गुडघा अजून जिवंत आहे, रोज सकाळी ओरडून सांगतो. तू फोन उचलत नाहीस, उचललास तर ‘आजी, रेंज नाही’ म्हणतोस, म्हणून हे पत्र. कागदाला रेंज लागत नाही. मी सांगते आहे आणि तुझी बहीण मुंगी लिहिते आहे. तोंड पाडून लिहिते आहे, पण लिहिते आहे.

तुझा तो व्हिडिओ, कॉम्प्युटरचं जुनं ग्राफिक्स कार्ड विरुद्ध नवं ग्राफिक्स कार्ड, मी मुंगीच्या फोनवर पाहिला. शर्ट इस्त्रीचा होता. पडद्यावर वेगाच्या दोन पट्ट्या: जुन्याची आखूड, नव्याची दुप्पट लांब. जुनं म्हणे सेकंदाला साठ चित्रं काढतं, नवं एकशे वीस. म्हटलं, बरं झालं मी कार्ड नाही, नाहीतर तू मला कधीच भंगारात दिलं असतंस.

पण बाळा, मुंगीनं मला वाटाणे सोलता सोलता समजावलंय. नवं कार्ड एक खरं चित्र काढतं, मग दुसरं खरं काढतं, आणि त्या दोघांच्या मधलं एक आपल्या मनानं रचून घुसवतं. ते रचणं बंद केलं की नवं सत्तरच्या आसपास येतं. साठाला सत्तर. चांगलंच आहे की! पण खिसा रिकामा करावा इतकं नाही. तू रचणं चालू ठेवलंस आणि बघणाऱ्यांना सांगितलं नाहीस. कामाच्या गडबडीत राहून गेलं असेल. थोडी चूक कुणाच्याही हातून होते.

लोकांनी ती पकडल्यावर तू दुसऱ्या व्हिडिओत म्हणालास, की चाचण्या बहीण घेते, तिच्याकडून सेटिंग चुकलं. त्याचंही फार मनाला लावून घेऊ नये. मुंगी मजेत आहे. तू वेळेवर जेवत जा.

पान दुसरं

दचकू नकोस, अक्षर बदललंय. हे पान खालच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकू लिहीत आहेत. मला वाचता येत नाही, पण घसा सुकेपर्यंत बोलले आणि कागदाची जेमतेम एक बाजू भरली, एवढं मला दिसतं. मुंगी अंघोळीला गेल्यावर कागद घेऊन खाली उतरले, गुडघ्यासकट, आणि काकूंकडून वाचून घेतला. ‘थोडी चूक’ म्हणे! मी म्हणाले होते, धादांत खोटं. ‘गडबडीत राहून गेलं असेल’ हेही तिचंच. मधली चित्रं घालायला तीही शिकली. शेवटी तुझीच बहीण.

आता माझं ऐक. काकूंना मापं काढायची सवय आहे, आज तुझी काढू.

सेटिंग तिनं चुकवलं? अरे, त्या दिवशी मी पुढच्या खोलीत खाटेवर बसलेली होते, खुंटीला टांगलेली नव्हते. एकच मशीन, एकच गेम, त्यातला एकच रस्ता, बदलायचं ते फक्त कार्ड, असा तिचा नियम. जुन्याच्या पंख्यांतली धूळसुद्धा तिनं रंगाच्या ब्रशनं काढली. मी विचारलं, ‘हरायचंच आहे त्याला, आंघोळ कशाला घालतेस?’ तर म्हणाली, ‘आजी, श्वास कोंडलेल्याला हरवण्यात काय शहाणपण?’ आणि नवं बसवल्यावर तुला म्हणाली, ‘दादा, ते मधलं रचणं बंद कर. नाहीतर पट्टीखाली लिही तरी.’ तू म्हणालास, ‘कंपनीनं कार्ड फुकट वापरायला पाठवलंय ते काय तुझी शिस्त बघायला?’ तेव्हा ती म्हणाली, ‘मग माझं नाव घालू नकोस.’ तू हसलास. आणि नाव घातलंसच. कुठे? तर स्वतःचं तोंड लपवायला!

माझं काय केलंस ते बोलणार नव्हते, पण आता बोलतेच. ‘माझ्या आजीलासुद्धा फरक दिसला,’ असं सांगून माझं थोबाड दाखवलंस. ‘अगं बाई, किती छान दिसतंय!’ एवढंच. माऊस माझ्या हातात होता. पुढं मी काय म्हणाले? ‘पण मी हात वळवला की ही पडद्यावरची बाई मागाहून का वळते? हिला ऐकू कमी येतं का?’ मुंगी खुर्चीवरून पडायची राहिली हसून. ते कापलंस. खोटं मध्ये घालतोस आणि खरं मधून कापतोस. मला अक्षर येत नाही, माझ्याकडे बोलणंच आहे, आणि तेही अर्धं करून तू बाजारात मांडलंस!

ती तुला कधी सांगणार नाही ते आता ऐक. कॉम्प्युटरचे भाग तपासणाऱ्या एका कंपनीत तिची निवड झाली होती. त्यांनी तुझा दुसरा व्हिडिओ पाहिला. चाचणीत असं कसं झालं, सोमवारपर्यंत खुलासा द्या, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला, असं कळवलंय. तिच्याकडे त्या दिवसाचं सगळं रेकॉर्डिंग आहे, तुझ्या हसण्यासकट. पाठव म्हटलं तर म्हणते, ‘दादाचं चॅनल बुडेल, आजी.’ तुझा बाप फोनवर म्हणाला, भावाबहिणीत चालायचंच. त्यालाही झाडला. अनोळखी माणसं तिला काय काय लिहितात ते ती मला वाचून दाखवत नाही, फोन उपडा घालते. धुळीच्या कणाचासुद्धा अन्याय जिला चालला नाही, तिला लोक लबाड म्हणतायत, आणि तू शर्टाला इस्त्री करतोस!

नवं कार्ड ते पाठवणाऱ्या कंपनीला परत करायचंय ना? मुंगीनं काढून खोक्यात ठेवलं होतं. खोकं आता माझ्या ट्रंकेत आहे, रजईखाली, आणि किल्ली माझ्यापाशी. रेंज येऊ दे नाहीतर जाऊ दे, मिळणार नाही. सोमवारच्या आत त्याच कॅमेऱ्यासमोर बस, तोच शर्ट घाल आणि सांग: रचणं मी चालू ठेवलं, लपवलंही मीच, बहिणीनं मला अडवलं होतं. सत्तर हा आकडा तोंडानं म्हण. माझं वाक्य अख्खं लाव. मग ये आणि ने तुझं कार्ड. जुनं इथेच राहील, मुंगीच्या मशीनमध्ये. माझ्यासारखं कुरकुरतं, पण साठ म्हणतं तेव्हा साठच असतात.

पहिलं पान फाडून टाकू का, असं काकूंनी विचारलं. नको म्हटलं, जाऊ दे तसंच. त्यात ‘वेळेवर जेवत जा’ आहे ना, ते माझं नाही. आज तू उपाशी झोपलास तरी मला चालेल. ज्या पोरीला तू चारचौघांत खोटी पाडलीस, तिनं ते मी न सांगता लिहिलंय. ते वाच, आणि मग घास गिळून दाखव.

खाली काकू ‘तुझी आजी’ असं लिहायला निघाल्या होत्या. मी हात धरला. ते सोमवारनंतर बघू.

आज नुसता अंगठा.