हजारपट शनी

प्रिय शहाबाज,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. हे आमच्या सोसायटीचा वॉचमन वैजनाथ ड्यूटी संपल्यावर शनिवार पेठेत आणून तुझ्या हातात देईल. त्याला चहा विचार, तो नाही म्हणेल, तरी दे. येत्या रविवारी आमच्या कंपाउंडच्या भिंतीचं उद्घाटन आहे, भिंतीवर सूर्यमाला हवी आणि रंगवणारा रुसून घरी बसलाय, अशी एकूण परिस्थिती आहे. शाळेपासूनची मैत्री एका ग्रहावरून तुटली असं लोकांनी म्हणावं, हे मला मान्य नाही. तुटायचीच असेल तर निदान आकडे तरी बरोबर असावेत.

तर आकडे. भिंत पंचेचाळीस मीटर. एका टोकाला सूर्य, दुसऱ्या टोकाला नेपच्यून, म्हणजे एका मीटरला दहा कोटी किलोमीटर. या मापाने सूर्य टिकलीएवढा होतो, पृथ्वी केसाच्या जाडीची आणि शनी एक पूर्णांक दोन दशांश मिलिमीटर, म्हणजे खसखशीचा दाणा. हे मला कुठल्या कॉलेजाने शिकवलेलं नाही. माझ्या झेरॉक्सच्या दुकानात पोरं जे काही छापायला आणतात ते वाचून मी शिकलो. आकाशगंगा परीक्षेच्या सुमारास यायची आणि पुढे वर्षभर गायब. त्यामुळे वेळ लागला, पण पाया पक्का आहे.

मी दोन दिवस साताऱ्याला लग्नाला काय गेलो, परत येऊन बघतो तर भिंतीवर एक मीटर वीस सेंटिमीटरचा शनी! वर दोन्ही बाजूंना ऐसपैस कडं, पिवळ्यात मिसळत गेलेला तपकिरी, आणि बिल्डिंगमधली पोरं समोर मांड्या घालून बसलेली. सुंदर होता, हे मी तेव्हाही नाकारलं नाही. पण हजारपट, शहाबाज! मी म्हटलं, "अरे, याच्या शेजारी आपला सूर्य म्हणजे शर्टाचं तुटलेलं बटण." तू म्हणालास, "ज्ञाना, तुझ्या मापाने काढला तर लोक म्हणतील, माशी बसून गेली." त्यावर मी रोलर घेतला आणि शनीवरून पांढरा हात फिरवला. तू ब्रश गोळा केलेस, "बस तुझी खसखस निवडत," म्हणालास आणि गेलास.

त्यानंतरच्या बातम्या अशा. सूर्याची टिकली मी स्वतः काढली, ती बरी आलीय. पण एवढी भिंत मोकळी का, ते कुणालाच कळेना, म्हणून मी पाट्या लावल्या. गुरू आणि शनीच्या जागांमध्ये: "येथे काही नाही. ते मुद्दाम आहे. वॉचमनला विचारू नये." शनीच्या पुढे: "अजून चौदा मीटर काही नाही. घाई असल्यास येथूनच परत फिरावे." आमच्या चेअरमन अक्षताताईंनी सगळी भिंत चालून पाहिली आणि म्हणाल्या, "अहो ज्ञानदेवराव, प्रायमर छान बसलाय. आता चित्र कधी काढताय?"

समजलं फक्त वैजनाथला. त्याने विचारलं, "साहेब, सूर्यानंतरचा जवळचा तारा कुठं येतो मग?" मी हिशेब केला. चारशे किलोमीटर. पूर्वेकडे निघालं तर नांदेडच्या थोडं पुढे, भोकरपाशी. वैजनाथ भोकरचा. "म्हणजे आमच्या घरामागं की हो!" तेव्हापासून तो गेटवर ताऱ्याचा मालक असल्यासारखा उभा असतो. भावाला फोन करून घरामागच्या भिंतीला चुना मारायलाही सांगितलंय. मग मी त्याला आकाशगंगा सांगितली. याच मापाने तिची रुंदी काढायला गेलो तर ती एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चंद्राच्या अंतराच्या पंचवीसपट भरते, आणि तिच्यात आपली ही अख्खी भिंत कुठे असेल ते शोधूनही सापडणार नाही. तो म्हणाला, "एवढ्याला गेट किती लागत असतील, साहेब?"

ग्रहही मीच काढायचे ठरवले. सुईच्या टोकाला रंग घेतला, भिंग डोळ्याला लावलं, श्वास रोखला. पहिली पृथ्वी गुरूएवढी झाली. दुसरी ओघळली. तिसरी मलाच परत सापडेना. चष्मा काढ, लाव, परत काढ. अक्षरशः भिंतीला नाक लावून उभा होतो, आणि तिथे एकेक आठवायला लागलं. मी ठोकलेले खुणेचे खिळे तू बोटाने चाचपत होतास. रंगाच्या डब्यांवरची नावं वैजनाथकडून वाचून घेतलीस. "टेप तू धर, मला आकडे जमत नाहीत," म्हणालास. आणि नुसत्या नजरेने पाटीवर अक्षरं समान बसवणारा माणूस तू! स्कूटर विकलीस आणि गुडघ्याचं कारण सांगितलंस. आमच्याकडे कोथरूडला येताना बसचा नंबर शेजारच्याला विचारतोस. अर्ध्या मिलिमीटरची चूक मी चालता चालता पकडतो, आणि हे लक्षात यायला मला आठवडा लागला. अक्षताताईंना यातलं बोलू नकोस.

मग मी हिशेब उलटा मांडला. शनी तुझाच बरोबर धरला, एक मीटर वीस. तर सूर्य चौदा मीटरचा लागतो, म्हणजे आमची चार मजली इमारत गच्चीवरच्या टाकीसकट. आणि तो भिंतीपासून सव्वाचौदा किलोमीटरवर, म्हणजे साधारण चिंचवडला. चोख जुळतं. तेव्हा शनी चुकलेला नव्हता, सूर्य चुकीच्या गावात काढला गेला होता. तसं मी कमिटीला लेखी कळवलंय. नवी पाटीही तयार आहे: "सूर्य चिंचवड येथे. इकडे शोधत बसू नये."

हे पत्र मी आधी साध्या कागदावर लिहिलं आणि मग दुकानात दुप्पट मोठं करून काढलं. जिनतवहिनींकडून वाचून घ्यायची वेळ तुझ्यावर येऊ नये म्हणून. त्यांना तू अजून काही सांगितलेलं नसणार. रविवारच्या आत ये आणि त्याच जागी, तुझ्याच मापाचा शनी काढ, डबा मी धरतो. पण पत्र त्यासाठी नाही. सोमवारी सकाळी मी तुझ्या दारात स्कूटर घेऊन उभा असेन. डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. तिथे समोर अक्षरांचा तक्ता लावतील. तसले तक्ते अर्ध्या पेठेतल्या चष्मेवाल्यांना तूच रंगवून दिलेस, शेवटच्या ओळीपर्यंत तुला पाठ आहेत. तिथे पाठांतर म्हणून दाखवायचं नाही, मी शेजारी उभा असणार आहे. जिथे अक्षर लागत नाही तिथे थांबायचं आणि "दिसत नाही" म्हणायचं. एवढं एकदा माझ्यासमोर म्हण. पुढचं मी बघतो.

तुझाच, कोऱ्या भिंतीपाशी थांबलेला,
ज्ञाना