तेल्हाऱ्याला धाडलेली खबर

धारणी, शुक्रवार, ५ ऑक्टोबर १९३४

पोचलो एकदाचे. तेल्हाऱ्याहून अकोला, तिथून मूर्तिजापूर, मग छोट्या गाडीने एलिचपूर आणि पुढे बैलगाडीने घाट. ती छोटी गाडी इतकी रमतगमत चालते की शालू म्हणाली, उतरून ढकलू या का. निघताना तेल्हाऱ्याच्या बायका अशा रडल्या की जणू मी विलायतेला चालले. पण खरं सांगायचं तर मलाही परमुलखात आल्यासारखंच वाटतंय. बाजारात कोरकू बोलतात, माती लाल आणि मुरमाड, सागाची झाडं थेट दारापर्यंत आलेली.

ह्यांना जंगल खात्यात कारकुनी मिळाली म्हणून हे घर मिळालं. कौलारू, दोन खोल्या, पुढे अंगण. चूल माझी एकटीची. लग्नाला सात वर्षं झाली, पण मिठाचा डबा कुठे ठेवायचा हे आजच पहिल्यांदा मी ठरवलं. तीनदा ठरवलं. निघताना माझ्या वडिलांनी ही वही दिली. तिकडे बोलायला कोणी नसेल तर हिच्याशी बोल म्हणाले. मला सातवीपर्यंत शिकवल्याचं तेवढंच सार्थक झालं.

रविवार, १४ ऑक्टोबर

तेल्हाऱ्याहून कार्ड आलं. सासूबाई आणि मामंजी महिनाभर राहायला येताहेत. शालू चार वर्षांची, जन्मापासून आजोबांच्या मांडीवर वाढलेली. इथे आल्यापासून रोज संध्याकाळी दारात बसून त्यांची वाट बघते. तिच्यासाठी मला मनापासून बरं वाटलं. मिठाच्या डब्याची मात्र खैर नाही.

बुधवार, १७ ऑक्टोबर

आले. पार्बताबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, गाडीतून उतरायच्या आधीच म्हणाल्या की अंगण उताराला आहे. सोबत ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, मिरचीचं तिखट. जणू आम्ही इथे पाला खाऊन दिवस काढत होतो. वाटभर खोकून त्यांचा जीव अर्धा झालाय. मामंजींनी, जानराव त्यांचं नाव, शालूला उचलून खांद्यावर टाकलं आणि तिला घेऊन नाल्यापर्यंत जाऊन आले. ती परत आली ती हसतच. आज घर घरासारखं वाटलं, हे मान्य करायला हवं.

गुरुवार, २५ ऑक्टोबर

सकाळी सासूबाई अंगणात केस सोडून तेल लावत बसल्या होत्या. सागावरून कावळा उतरला आणि सरळ त्यांच्या डोक्यावर बसला. दोनदा चोच मारली. मी भांडी घासत होते, माझ्या डोळ्यांनी बघितलं. शालू चार हात लांब खेळत होती.

आमच्याकडे याचा अर्थ पोरासोरांनाही ठाऊक असतो. ज्याच्या डोक्यावर कावळा बसला त्याचं मरण आलं. त्याला उपाय एकच. तो मेला अशी खोटी खबर नातेवाइकांना धाडायची. ते खरोखर रडले की मरणाची भरपाई होते. मग खरं कळवून टाकायचं, सगळे हसतात, संपलं.

कार्ड घेऊन हे लिहायला बसले. आईचं नाव लिहायचं तर ह्यांचा हात उचलेना. सासूबाईच म्हणाल्या, "माह्यं नाव लिहाल तं सारं गनगोत गोळा होईन, कापसाची वेचनी पडून राहीन. पोरीचं लिहा. घडीभर रडतीन अन् आंघोळी करून कामाले लागतीन."

मी म्हटलं की कावळा शालूच्या डोक्यावर बसला नव्हता. त्या म्हणाल्या, कावळ्याला काय, रडणं मिळाल्याशी मतलब. हे म्हणाले की नुसती रीत आहे, चार दिवसांनी खरं कळवू, तू उगाच डोकं पिकवू नकोस. मामंजी खाली बघत होते. ह्यांनी सुरेख अक्षरात लिहिलं: चि. शालू तापाने गेली.

दौत मीच आणून दिली होती. 

सोमवार, २९ ऑक्टोबर

टपालाला चार दिवस लागतात. भर दुपारी शालू खेळता खेळता थांबली. कान देऊन ऐकल्यासारखं केलं आणि विचारलं, "माय, काकू काहून रडून राह्यली?"

काकू म्हणजे तानुबाई, माझी जाऊ. ती तेल्हाऱ्यात आहे.

सासूबाईंनी हे ऐकलं आणि समाधानाने मान डोलावली. संध्याकाळपासून त्यांचा खोकला थांबलाय. मी खरं कार्ड लिहा म्हटलं, तर लगेच कळवलं तर रडणं वाया जातं म्हणाल्या. ह्यांनीही मान डोलावली. ह्या घरात मान डोलावणं फार स्वस्त झालंय.

गुरुवार, १ नोव्हेंबर

शालू जेवत नाही. अंग गार. शेगडीजवळ बसवते तरी गारच. आज नखं कापताना बघितलं, नखांत माती आहे. काळी माती. कापसाच्या रानातली, चिकट. इथे दहा कोसांत तशी माती नाही. धुतली. संध्याकाळी पुन्हा होती. कानातही होती.

शनिवार, ३ नोव्हेंबर

तानुबाईंनी लिहवून घेतलेलं पत्र आलं. फार रडलो म्हणतात. शालूचं झबलं आणि लाकडी बाहुली तिकडे राहिली होती. लहान पोराला जाळत नाहीत, पुरतात, म्हणून माझ्या दिरांनी, खुशालरावांनी, ती दोन्ही फडक्यात गुंडाळून शेताच्या धुऱ्यावर, बांधाशी, पुरली. वर स्वतःच्या हाताने माती लोटली.

मी मोठ्याने वाचलं. मामंजी उठून बाहेर गेले. मी ह्यांच्यासमोर कार्ड ठेवलं आणि खरं लिहून घेतलं. टपालात पडेपर्यंत मी तिथेच उभी होते.

बुधवार, ७ नोव्हेंबर. दिवाळी

आज कार्ड पोचलं असणार. शालूत काही फरक नाही. बोलते ते जवळ कान नेल्याशिवाय ऐकू येत नाही. दूधवाली म्हणाली, दिवाळीत घरात एक लेकरू हवं होतं. शालू माझ्या कडेवर होती.

सासूबाईंनी सहा करंज्या खाल्ल्या. नाल्यावरून स्वतः पाण्याची घागर आणली. गाल भरलेत. मी कधी कुणाचा इतका तिरस्कार केला नव्हता.

रविवार, ११ नोव्हेंबर

खुशालरावांचं उत्तर आलं. लिहितात, दादा, लेकरू गेल्यावर बापाचं मन असंच करतं, आम्ही समजून आहोत. आता पोरीला मोकळी करा.

मी मामंजींच्या पायाशी बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्पष्ट विचारलं, आता काय करू. त्यांनी आधी शालूकडे बघितलं. मग म्हणाले, "रडनं वापस होत नाही, बाई. दुसऱ्याच्या नावावर करा लागते."

मी तिथल्या तिथे कार्ड लिहिलं. पार्बताबाई गेल्या, शालू आहे. खोटं काय त्यात? कावळा कुणाच्या डोक्यावर बसला होता? ह्यांनी माझ्या हातातून कार्ड घेऊन फाडलं. म्हणाले, "माह्या मायचं नाव लिहितं? लिहाचंच असन तं दुसऱ्या कोनाचं लिह्य."

माझ्याकडे न बघता म्हणाले. म्हणजे समजूनच म्हणाले.

सोमवार, १२ नोव्हेंबर

लिहिलं. माझंच नाव: सुभद्रा गेली. शालूची खबर चुकीची होती, शालू सुखरूप आहे.

ह्यांच्या हातात दिलं. मला वाटलं फाडतील. देवाशपथ, तेवढं एकच वाटलं. ह्यांनी दोनदा वाचलं. पत्त्यात तालुका लिहायचा राहिला होता. तो लिहिला आणि चप्पल घालून स्वतः टाकायला गेले.

शुक्रवार, १६ नोव्हेंबर

शालूने भाकर मागितली! दीड खाल्ली. अंग ऊन आहे, नखं स्वच्छ. आजोबांच्या पाठीवर बसून अंगणभर फिरली. मी दाराशी बसून पोटभर रडले. काही झालं तरी चालेल.

दुपारपासून जळकट वास येतोय. चूल विझलेली आहे. वास लुगड्याचा आहे. तेल्हाऱ्याला पेटीत ठेवलेलं माझं हिरवं लुगडं — त्यांनी ते —

रविवार, १८ नोव्हेंबर

शालूने हाक मारली, माय. मी ओ दिली. तिने पुन्हा मारली. मी समोरच होते — दोन हातांवर. मग ती आजीकडे गेली.

सासूबाई तिची वेणी घालतात. माझ्याहून चांगली घालतात. मिठाचा डबा खाली ठेवलाय.

हे माझ्या ताटावर पाय देऊन गेले. मुद्दाम नाही. ताट वाढलेलं नव्हतंच.

गुरुवार, २२

वही उचलायला जड. दौतीत बोट बुडवून — शाई लागत नाही, पण अक्षर उमटतं. मामंजी कधी कधी मी बसते तिकडे बघतात. मग डोळे पुसतात. बोलत नाहीत. तेव्हा तरी कुठे बोलले होते.

रविवार, २५

दहावा दिवस. हे डोकं भादरून आले. अंगणात भाताचा पिंड. कावळा सागावर आहे — उतरत नाही. मी उतरू देत नाही. त्याने खाल्लं की मला जावं लागेल.

हे म्हणाले, शालूला अंतर देणार नाही. कावळा हलला नाही. सासूबाई म्हणाल्या, मीच तिची माय होईन. नाही हलला. मला हसू आलं. कुणाला ऐकू गेलं नाही.

ऊन वाढलं. आता त्या शालूला पुढे आणताहेत — हात जोडायला लावले. कानात सांगताहेत, म्हण, माय, माही काही इच्छा नाही, तू जाय. तिने माझ्या दिशेला बघितलं. बघितलं — खरंच —

शालू, म्हणू नकोस. मी इथे आहे, तुझ्या उजव्या हाताला. पिंडाकडे बघू नकोस बाळ. तोंड मिटून घे. आजी रागावली तरी — तू फक्त —