वहीतलं 'आमान'

२१ मे, मंगळवार

पहाटे पुन्हा तोच इशाऱ्याचा दिवा. रोटरची वायंडिंग कुठेतरी लोखंडाला शिवतेय. हवा दमट असली की दिवा लागतो, नऊ वाजले की विझतो. आमच्या वीजकेंद्राच्या गुनावानसाहेबांना फोन केला. "तातांग, लेबारानची ईद होईपर्यंत मशीन थांबणार नाही. चालतंय ना? मग?"

चालतंय. एका ठिकाणी शिवलं तर नुसता दिवा लागतो, टर्बाइनला पत्ताही नसतो. पत्ता लागतो तो ब्रश बदलायला हात घालणाऱ्याला.

भोंगा बंद केला. पाळीच्या वहीत लिहिलं — एक्सायटेशन: आमान. म्हणजे सगळं ठीक. आमच्याकडे जांभई द्यावी तसा हा शब्द येतो.

२२ मे

दिवा. आमान.

२३ मे, गुरुवार

शनिवारी कांग एन्तिस — कांग म्हणजे दादा — ब्रश बदलणार. मशीन चालू असतानाच — मिनिटाला तीन हजार फेरे घेणाऱ्या, रोटरला वीज देणाऱ्या रिंगवरून कार्बनची झिजलेली वडी काढायची, नवी बसवायची. डावा हात पाठीमागे विजारीच्या पट्ट्यात खोचून. दोन हात दोन ठिकाणी लागले की खेळ खलास. आणि तो दिवा लागलेला असला, तर एक हातही पुरतो. मलाही त्यानंच शिकवलं, बावीस वर्षांपूर्वी. "आधी मीटर, मग बिस्मिल्ला, मग हात."

संध्याकाळी रमजानचा उपास सोडताना दिव्याचं सांगायला गेलो. तो सगळ्यांना केळ्याचं गोड कोलाक वाटत होता. "काय रे, तोंड का उतरलंय? उपासानं, की बायकोनं हाकललं?" सगळे हसले. साहेबही तिथेच बसलेले. त्यांच्यासमोर कसं बोलणार? उद्या सांगू म्हटलं.

२४ मे

सुट्टी. सासऱ्यांकडे गेलो. फोन करायचा राहिला.

२५ मे, शनिवार

सहाला पाळीवर आलो. दिवा होताच. हात आपसूक वहीत 'आमान' लिहून मोकळा. एन्तिस आठला येतो, आला की सांगू. पण उपासाचे दिवस, ऊन चढायच्या आत उरकावं म्हणून तो सातलाच आला. मी तेव्हा बाहेर गॅसच्या नळांपाशी.

त्याचा उजवा हात कोपरापर्यंत करपलाय. फेकला गेला म्हणून जगला. बोलत नाही. हॉस्पिटलात त्याची बायको लिलिस बाकावर बसून होती. मला बघून पिशवीतले खजूर काढले — "उपास सोडायचा असेल ना तुम्हाला." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२८ मे

चौकशी समिती आली. आली तेव्हा दहा वाजलेले, दिवा विझलेला. त्यांचं एकच पालुपद — मीटर पिशवीतच होता, लावलाच नाही, निष्काळजीपणा. तसा शिक्का बसला तर नोकरी गेलीच, औषधपाणीही एन्तिसच्याच माथी.

एकानं मला विचारलं, "त्या दिवशी काही इशारा होता?" वहीत आमान आहे, म्हणालो. खोटं नाही. वहीत आहेच.

हलकट आहे मी. इथे लिहिता येतं, तिथे पाळीची वही पुढे करतो.

आणि एक गोष्ट काही केल्या कळत नाही. दिव्याखालून गेल्याशिवाय रिंगपाशी जाताच येत नाही. त्यानं तो पाहिला असणार. बावीस वर्षांत ज्या माणसानं एकदाही मीटर चुकवला नाही, त्यानं नेमका त्या दिवशीच का चुकवावा? वहीवर विसंबून? छे. 'आमान'वर कोण विश्वास ठेवतं?

३० मे

साहेब म्हणाले, "तू मधे पडू नकोस. तुलाही दोन मुली आहेत." आहेत.

१ जून, शनिवार

एन्तिस बोलला. लिलिसकडून समितीसाठी जबाब लिहून घेतला. तिनं मला व्हरांड्यात वाचून दाखवला — "दिवा मी पाहिला होता. मीटर काढायला पिशवी उघडली. मग वही बघितली. तातांगचं अक्षर होतं. दुसऱ्या कुणाचं असतं तर मोजलं असतं."

"बघा, किती चांगलं बोललेत तुमच्याबद्दल," ती म्हणाली. मग जरा घाबरून, "यानं तुम्हाला काही त्रास नाही ना व्हायचा?"

"आमान," म्हणालो.