उघड्या तोंडाची फुंकर

६ जानेवारी १९८३, गुरुवार
पुन्हा नाही म्हणाले! दवाखान्यातली चांगुणा सिस्टर स्वतः आमच्या दारात आली. जीव तोडून सांगत होती — दम्याच्या लोकांनी दर गुरुवारी बुद्धविहाराच्या ओट्यावर जमायचं, श्वास कसा घ्यायचा-सोडायचा ते शिकायचं, एकमेकांची खबर ठेवायची. हे आपले भिंतीकडे तोंड करून पडलेले. ती गेल्यावर म्हणतात, "चारचौघांत खोकायला जाऊ? लोक टीबी म्हणतील. माझा कप वेगळा ठेवतील."

सातपूरच्या कारखान्यात ओतकामाची धूळ एवढी वर्षं खाल्ली, तेव्हा नाही लाज वाटली! घरात असं कुढून हा माणूस जायचा एक दिवस. भीती वाटते मला.

८ जानेवारी
भुशाची शेगडी नुसती धुमसली आज. धुरानं हे उठून दारात जाऊन बसले. मी आतच. स्वयंपाक कोण करणार, माझा मामा? नळावरून हंडा आणताना उंबऱ्याशी थांबावं लागलं. हंडाच मोठा आहे मेला.

१३ जानेवारी, गुरुवार
गेले! पुंजारामभाऊ न्यायला आले. दोघं एकाच खात्यात कामाला होते, आता दोघांचीही छाती वाजते. "चल सावळीराम, घरात कुढण्यापेक्षा ओट्यावर खोकू," म्हणाले. मीही मागोमाग निघाले. नाहीतर वाटेतून परत फिरायचे!

चहा निववताना फुंकतो तसा ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडायचा, असं सिस्टरनं शिकवलं. मग सगळ्यांना एकाच किटलीतून चहा. कप सगळ्यांचे सारखे. यांनी आपला कप दोन्ही हातांनी धरला होता. मला रडूच आलं. ठसका लागला म्हणून वेळ मारून नेली.

१६ जानेवारी
हे नळापर्यंत चालत आले. वाटेत एकदाच टेकले.

२० जानेवारी, गुरुवार
सिस्टर म्हणाली, "मला रोज येणं जमत नाही. तुमच्यातल्याच कुणीतरी गट सांभाळा." सगळ्यांनी माझ्याकडे बोट केलं. "गोजरावहिनींचा आवाज मोठा!" मी लगेच हो म्हटलं. धडधाकट आहे, तोंडाळ आहे — आणखी काय लागतं?

पुढच्या खेपेला सिस्टर छातीचा जोर बघायला मेणबत्तीची परीक्षा घेणार. वीतभर लांब धरायची आणि तोंड उघडं ठेवून, ओठ न आवळता, एका फुंकरीत विझवायची. विहारातली मेणबत्ती आपण तोंडानं फुंकत नाही, म्हणून मी घरातली नेणार.

२७ जानेवारी, गुरुवार
यांनी फुंकलं. ज्योत वाकली, पण विझली नाही. पुंजारामभाऊंनी ओठ आवळून विझवली — लबाड! "सिस्टरला फसवता? बघा, मी दाखवते," म्हणून पुढे झाले. आ करून फुंकलं. ज्योत हलली नाही. सगळे हसले, त्यांना वाटलं मी नक्कल करतेय. पुन्हा फुंकलं. मग मीही हसले, आणि ठसका लागला तो काही केल्या थांबेना.

सिस्टर हसली नाही. "उद्या सकाळी दवाखान्यात या," म्हणाली. मला वाटलं, यांनाच सांगतेय.

२८ जानेवारी
मला सांगत होती. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, विचारलं, "विडी ओढता?" म्हटलं, "इश्श! चूल फुंकते, दहा वर्षांची होते तेव्हापासून." ते म्हणाले, "तेच."

घरी आलो तर यांनी शेगडी उचलून अंगणात ठेवली. चहा स्वतः केला — नुसतं पाणी! मी म्हटलं, गुरुवारी मी नाही यायची. ज्यांच्यावर ओरडते त्यांच्यासमोर बसून खोकू? लोक काय म्हणतील!

हे चप्पल शोधून ठेवत होते. म्हणाले, "मी येतो बरोबर. नाहीतर वाटेतून परत फिरशील."