औंदा पळू नकोस

प्रिय सुकन्या,

रिपोर्टचं फोनवर सांगितलंच, पण तू "बरं आप्पा" म्हणून इतक्या घाईनं फोन ठेवलास, की माझं अर्धं बोलणं माझ्याकडेच राहिलं. हाडाला तडा नाही. हे वाक्य मी कारखान्यात इतक्यांना ऐकवलंय, की आता कामगार मला बघितलं की आधीच म्हणतात, "व्हय मालक, तडा न्हाय."

खरं सांगू, मी लई घाबरलो होतो. दिवाळीला तू पुण्याहून आलीस आणि पहाटे एमआयडीसीच्या रस्त्यावर सरावाला उतरलीस. तेवढ्यात लाईट गेली, सगळे माग एकदम थांबले आणि त्या शांततेत बाहेरच्या सिमेंटवर तुझे बूट ऐकू आले. उजवा पाय नीट पडत होता, डावा चोरून. बिघडलेला माग मी दारातनं ओळखतो, मग तू कशी सुटशील? विचारलं तर म्हणालीस, गोळा आलाय. राजाबाई आत्यानं करडईचं तेल घेऊन तुझी नडगी अशी रगडली, की तू दात आवळून बसलीस. वर आपल्याच टॉवेलची काठाची पट्टी करकचून बांधून दुसऱ्या दिवशी परत पळालीस. पट्टी मीच कापून दिली होती, चांगली जाड बघून.

जुळे सोलापूरच्या भार्गवी डॉक्टरांनी ते ऐकून कपाळाला हात लावला. तू पुण्याला परतल्यावर परवा मी रिपोर्ट घ्यायला गेलो, तेव्हा त्यांनी मला समोर बसवून समजावलं. नडगीच्या हाडावरचं आवरण सुजलंय. पोलीस भरती जवळ आली म्हणून तू सराव एकदम वाढवलास, रस्ता कडक, बुटांचे तळवे झिजलेले आणि पोटऱ्यांत अजून तेवढी ताकद नाही. सगळा मार त्या हाडानं खाल्ला. आता काही आठवडे पळणं बंद. सायकल चालव, पोहायला जा. बर्फ टॉवेलात गुंडाळून धर, हाडावर चोळायचं मात्र नाही. जिन्याच्या पायरीवर उभं राहून टाचा सावकाश वर-खाली करायच्या. भरभर चालताना आणि त्या पायावर उड्या मारताना काहीच दुखलं नाही, की मग मातीवर थोडं चाल, थोडं पळ, आणि दर आठवड्याला अगदी थोडंच वाढव. नवे बूट आधी घे. एकाच जागी बोट ठेवल्यावर कळ आली किंवा झोपेतही ठणकायला लागलं, तर तडक डॉक्टरकडे.

मी विचारलं, पुढच्या महिन्यातल्या भरतीचं काय? त्या म्हणाल्या, पळेल की, पण आज जो तडा नाही तो मग पडेल. हे मी तुला फोनवर सांगितलं आणि तू लगेच फोन ठेवलास. तेव्हा कुठं कळलं, तू दुखणं का लपवलंस ते. मागच्या भरतीत थोडक्यात हुकलीस, तेव्हा आत्या चारचौघांत म्हणाली होती ना, औंदा जमलं तर जमलं, न्हायतर पोरीनं गप संसाराला लागायचं. आणि आत्यापुढं आपल्या घरात कुणाचं चालतंय?

म्हणून काल वळसंगला तुझ्या आत्याकडंच गेलो. अक्का शेळ्यांना पाणी दाखवत होती. मी सांगून टाकलं, सुकन्या औंदा उतरणार नाही, पुढच्या वर्षी उतरेल, तोवर स्थळाचं नाव काढायचं नाही. तिनं पाण्याची बादली खाली ठेवली. मग म्हणाली, "पोरगी माझ्या भ्यानं तसल्या पायानं पळत हुती व्हय रं?" मी हो म्हणालो. त्यावर मलाच झापलं, की सिमिटावर पळवतोस, हितं माती काय कमी हाय?

तेव्हा हे पत्र एवढ्यासाठीच, पोरी. औंदा पळू नकोस. आत्याची औंदाची अट गेली. फोनवर सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं, आप्पा नुसतं समजूत घालतोय. आज सकाळी पुन्हा वळसंगला डोकावलो, तर अक्का बांधाकडच्या पायवाटेवर वाकून बाभळीचे काटे वेचत होती. काय करतेस विचारलं तर म्हणाली, शेळ्यांच्या पायात मोडत्यात. त्या वाटेनं शेळ्या कधीच जात नाहीत.

तुझाच,
आप्पा