साहेबाला की साहेबाने

दादा,

काल स्टेशनावरून पार्सल आलं. तुमच्या तीन वह्या, पितळी कंपास आणि टोक तुटलेली फूटपट्टी. रेल्वेचं भाडं एक रुपया दोन आणे. हमालाने चार आणे मागितले, तीन दिले. तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली. तुमच्या रेल्वे कारखान्यात जुनी कपाटं रिकामी करताहेत म्हणून एवढं तरी हाती लागलं.

मागवलं ते एका कारणासाठी. कारखाना आपल्या जुन्या इंजिनांचं पुस्तक छापतो आहे. त्यात घाटातल्या इंजिनाची वाळूची पेटी तुमच्या गोऱ्या साहेबाच्या नावावर जाणार. मी अर्ज केला, की ती कल्पना माझ्या वडिलांची. उत्तर आलं, लेखी पुरावा महिनाअखेर पाठवावा. विक्टोरिया राणीच्या राज्यात तुम्ही इंजिनांचे नकाशे काढायला लागलात आणि निवृत्त झालात तेही नकाशे काढणारे म्हणूनच. एका ओळीत तरी तुमचं नाव यावं, एवढीच इच्छा.

मला तर तो दिवस दिसतो. मी सहा-सात वर्षांची. श्रावणी सोमवार, तुम्ही उपास सोडायला बसला आहात. आठवडाभर घाटातलं तेच गाऱ्हाणं चाललंय: ओल्या रुळांवर चाकं जागच्या जागी फिरतात, आणि चाकाखाली सोडायची वाळू पेटीतच सर्द होऊन तिचे गोळे होतात, नळीतून उतरत नाही. आई पानात मीठ वाढते. तुम्ही विचारता, "हे एवढं सुटं कसं? पावसात सगळ्यांच्या मिठाला पाणी सुटतं."

"चुलीच्या वैलाशेजारी उबेला असते बरणी. त्यात काय इंजिन चालवायचंय?"

तुम्ही हसत नाही. पाण्यात बोट बुडवून जमिनीवर लांबट बॉयलर काढता, त्याला चिकटून पेटी. "अहो, पानावर बसून रेघोट्या कसल्या मारताय!" आई ओरडते. पुढे पेटी खरंच बॉयलरच्या अंगाशी गेली, वाळू कोरडी राहू लागली, आणि साहेबाला विलायतेहून शाबासकी आली. आई मरेपर्यंत म्हणत होती, "मीठ माझं, नाव त्याचं."

वह्या उघडल्या तर सगळं मोडीत. शाळेत आम्हा मुलींना बाळबोधच शिकवलं. मोडी शिकवा म्हणून तुमच्या मागे लागले होते, तर म्हणालात, "तुला कुठे कचेरीत बसायचंय? मॅट्रिक हो, पुष्कळ झालं." झाले मॅट्रिक. समोर बापाचं अक्षर, आणि मी अडाणी.

शेवटी नारायण पेठेतल्या एका निवृत्त कारकुनांकडे गेले. त्यांचा जन्म मोडीच्या दप्तरात गेलेला. त्यांनी ओळ शोधली: 'वाळूपेटी बॉयलरास लावणे. सा॥ दाखविले.'

"म्हणजे साहेबाला दाखविले ना?"

"किंवा साहेबाने दाखविले. बाई, तुमच्या वडिलांनी शाई वाचवली आणि विभक्ती खाल्ली."

"मग हा पुरावा कशाचा?"

"ज्याला जे हवं, त्याचा. दुपारची झोप मोडून याहून जास्त सांगता येत नाही."

तेव्हापासून तो सोमवारही माझा राहिला नाही. जमिनीवर काढलंत ते तुम्हाला त्या क्षणी सुचलं होतं, की सकाळी साहेबाने दाखवलेलं आईच्या मिठावरून तुम्हाला पटलं? पेटी माझी, असं तुम्ही तोंडाने कधी म्हणाला नाहीत. आई तसं म्हणायची, तेव्हा तुम्ही मुकाट्याने ताक प्यायचात. तुम्ही सोसताय, असं मी जन्मभर समजत आले.

मुलगा म्हणतो, "आई, ती इंजिनं भंगारात निघाली. कोण वाचणार आहे तुझी ओळ?" खरंच आहे त्याचं.

आज पूजा झाल्यावर देवापुढे दोन चिठ्ठ्या टाकल्या, एक 'ला' आणि एक 'ने'. 'ने' आली. घरात कोणाला सांगितलं नाही. देवाचा कौल मोडू नये, हे तुम्हीच शिकवलंत. आणि तरी मी पुराव्याच्या कागदावर 'साहेबाला दाखविले' असं लिहून पाकीट चिकटवलं. ते टाकायचं धैर्य होत नाही, फाडायचंही होत नाही. हे पत्र तर कुठल्या पत्त्यावर टाकावं तेही ठाऊक नाही. महिना संपायला चार दिवस उरलेत. 'ला' की 'ने', एवढं एकच अक्षर उलट टपाली कळवावं.